अर्धा बँड फोंड्यात, अर्धा पर्थला: समुद्रापलीकडून एक गाणं कसं उभं करायचं

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाका. गोव्यात फोंड्याला बसलेला घुमटवादक (घुमट म्हणजे मडक्याला चामडं चढवून केलेलं गोव्याचं तालवाद्य) आणि ऑस्ट्रेलियात पर्थला बसलेला गिटारवादक इंटरनेटवरून एकाच वेळी, एका लयीत वाजवू शकत नाहीत. कनेक्शन कितीही महागाचं घेतलं तरी नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि गोवा ते पर्थ हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६,९०० किलोमीटर आहे. म्हणजे इथली थाप तिकडे पोचायलाच ३५ मिलिसेकंद, आणि तिकडचा सूर परत यायला तेवढेच. त्यात समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, आणि दोन्हीकडचे संगणक आपापला वेळ खातात. जाऊन-येऊन दीडशे मिलिसेकंद सहज धरून चाला.

आता हे लयीच्या हिशेबात मांडा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि चौपटीतलं एक अक्षर १२५ मिलिसेकंदांचं. गिटारवाल्याचा सूर तुमच्या कानावर येईपर्यंत ते अक्षर केव्हाच निघून गेलेलं असतं. मग तो तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबता आणि लय मंदावत जाते. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर वाजवणारे सांभाळून घेतात. हवेतून तेवढ्या वेळात आवाज जेमतेम दहा मीटर जातो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात किंवा गावच्या दिंडीत झांजवाले पखवाजापासून फार मागे राहिले की काय होतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

म्हणून समुद्रापलीकडच्या बँडचं गाणं एकत्र वाजवून होत नाही, ते थरावर थर चढवून होतं. आणि इथेच खरा निर्णय असतो: पहिला थर कोणाचा? ज्याचा पहिला थर, त्याच्या चालीने पुढचं सगळं चालतं. बहुतेक वेळा परदेशातला मित्र ड्रमचा तयार लूप पाठवतो, त्यावर गिटार चढते, आणि शेवटी घुमट तोंडी लावण्यापुरतं येतं. ऐकताना कळतं की हे रॉकचंच गाणं आहे, वर गोव्याची फोडणी तेवढी घातली आहे. दोन संगीतं खरोखर मिसळायची असतील तर क्रम उलटा करा. आधी घुमट, मग बाकी सगळे. पुढची सगळी पद्धत या एका निर्णयावर बेतलेली आहे.

सूर आधी, वाद्य नंतर

गायकाची पट्टी ठरल्याशिवाय काहीही रेकॉर्ड करू नका. आपल्याकडे गायक सांगतो, ‘माझी काळी एक’. पर्थच्या गिटारवाल्याला ते सी शार्प म्हणून कळवा. पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. हा तक्ता एकदाच लिहून सगळ्यांना पाठवून ठेवा, पुढचे बरेच फोन वाचतात.

काळी एक ही पट्टी रॉकवाल्यांसाठी फार सोयीची आहे. गिटारच्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून सगळ्यात जाड तार आणखी एक पूर्ण स्वर खाली घेतली की खालच्या तीन तारा सी शार्प, जी शार्प, सी शार्प अशा लागतात. म्हणजे सा, प, सा. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी तंबोऱ्याचा आधार मिळतो, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की तोच आधार भिंतीसारखा उभा राहतो. त्यात गंधार नाही, हे महत्त्वाचं. गिटारवाल्याने सवयीने मेजर किंवा मायनर कॉर्ड वाजवली की गंधार शुद्ध की कोमल हे तोच ठरवून टाकतो, आणि खाली पेटीवर भैरवी चालली असेल तर तिची वाट लागते. गंधार पेटीला आणि गळ्याला ठरवू द्या. गिटारने पहिल्या फेरीत सा आणि प एवढ्यावरच राहावं.

पेटी प्रमाण ४४० हर्ट्झला लागलेली आहे असं गृहीत धरू नका. घरात, देवळात वर्षानुवर्षं वाजलेल्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात. मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजा, आकडा लिहून घ्या आणि तो पर्थला कळवा. गिटार पेटीला लावून घ्यायची. पेटीचे सूर गाण्यागणिक घासून घेता येत नाहीत, तारा मात्र दोन मिनिटांत लागतात.

ठेका क्लिकवर नको, क्लिक ठेक्यावर हवी

घुमटवादकाच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक, म्हणजेच क्लिक, घालून त्याला वाजवायला लावणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, पण तो पहिल्या अभंगाला एका चालीत असतो आणि गजराला पोचेपर्यंत कितीतरी चढलेला असतो. घुमट आरतीतही लय अशीच वर चढत जाते, आणि अंगात येतं ते त्या चढण्यानेच. हे चढणं सरळ रेषेतलं नसतं. लयभास्कर तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांच्या मुलखात लयीला पट्टीने आखून घेण्याची वेळ येऊ नये.

त्याऐवजी असं करा. घुमट, पेटी आणि गायक यांना एका खोलीत बसवा आणि पूर्ण गाणं क्लिकशिवाय रेकॉर्ड करा. मनासारखं झालं की ते रेकॉर्डिंग संगणकावर घ्या आणि प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) टेम्पो मार्कर लावत जा. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये हे चांगलं जमतं. ते ६० दिवस मोफत वापरून पाहता येतं आणि नंतरचा परवानाही परवडण्यासारखा आहे. पाच मिनिटांच्या गाण्याला या कामात एखादी संध्याकाळ जाते. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मार्कर लागले की सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेषा तुमच्या वादकाच्या हाताप्रमाणे मागेपुढे सरकतात. आता त्यावरून क्लिकची एक फाइल तयार करा आणि टेम्पोचा नकाशा मिडी फाइल (आवाजाऐवजी संगीताच्या सूचना साठवणारी फाइल) म्हणून बाहेर काढा. पर्थला या दोन्ही फाइली जातात. तिथला ड्रमर जी क्लिक ऐकतो ती यंत्राची असली तरी तिची चाल फोंड्याच्या वादकाची असते. ज्याचं सॉफ्टवेअर मिडीतला टेम्पो नीट वाचत नाही, त्याचं काम नुसत्या क्लिकच्या फाइलवर भागतं.

क्लिकमध्ये सम वेगळ्या आवाजाची ठेवा. रॉकच्या ड्रमरला चारचे गट मोजायची सवय असते आणि आठ मात्रांचं आवर्तन तो सहज दोन बारमध्ये मोजतो. पण रूपकाच्या सात मात्रा किंवा दुलपदाची (गोव्यातला एक कोंकणी गीतप्रकार) सहा-आठची झुलती चाल आली की समेची खूण त्याला लागतेच. नोटेशन पाठवण्यापेक्षा तोंडाने बोल म्हणून, टाळी-खाली देऊन एक छोटं रेकॉर्डिंग पाठवा. कागदावर जे तासभर समजत नाही ते बोल ऐकून चटकन बसतं.

घुमट रेकॉर्ड करताना

यावर थोडं थांबतो, कारण ड्रम आणि गिटार रेकॉर्ड करण्याची माहिती हवी तेवढी मिळते, घुमटाची मिळत नाही.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं, दुसरं लहान तोंड उघडं. एक हात चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंड झाकतो-उघडतो, त्यातून तो खोल, वळणारा आवाज निघतो. एकच माइक चामड्यासमोर ठेवला तर टणत्कार येतो आणि वळण हरवतं. म्हणून दोन माइक हवेत. पहिला चामड्यापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका. दुसरा लहान तोंडाजवळ चार बोटं सोडून, पण अगदी समोर नको, कारण तिथून हवेचा झोत येतो आणि माइक ‘फुप् फुप्’ करतो. जरा बाजूला घ्या. शुअर एसएम५७ जातीचा साधा डायनॅमिक माइक दोन्हीकडे चालतो.

आता खरी गोम. थाप पडते तेव्हा चामडं आत जातं आणि मागच्या तोंडातून हवा बाहेर येते. दोन माइकांना एकच हालचाल उलट-सुलट दिसते, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की खालचा खर्ज एकमेकांत विरून जातो. मागच्या माइकच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा (सॉफ्टवेअरमध्ये त्याचं एक बटण असतं) आणि दोन्हीकडचं ऐका. ज्यात पोट भरल्यासारखा आवाज येईल ते ठेवा. पर्थला दोन्ही ट्रॅक वेगळे पाठवा, आधीच मिसळून नको.

आवाजाची पातळी जोरातल्या थापेला उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढीच ठेवा. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. कासाळी, म्हणजे काशाच्या झांजा, त्याच खोलीत नकोत. काशाचा तो झणकार प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि मग घुमटाला हात लावता येत नाही. कासाळी आणि शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) नंतर वेगळी घ्या.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. कौलांवरचा पाऊस, बेडूक, वीज जाणं या अडचणी तर आहेतच, पण मुख्य म्हणजे दमट हवेने चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. ऊन किंवा हलका शेक देऊन ते चढतं, पण तासाभरात पुन्हा उतरतं. एका गाण्याचं घुमट एकाच बैठकीत संपवा. चिऱ्याची भिंत आणि वर कौलं असलेली जुनी खोली घुमटाला छान साथ देते, काँक्रीटची चौकोनी खोली मात्र गुणगुणते. तिथे गाद्या, गोधड्या भिंतीला टेकवा. पंखा बंद ठेवा. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, फेरी सकाळी आणि संध्याकाळी कधी असते ते लक्षात ठेवा. त्याच्या भोंग्याचा ‘पों पों’ चामड्यापुढच्या माइकमध्ये शिरला की कुठल्याही फिल्टरने निघत नाही.

यंत्रसामग्रीची काळजी करू नका. दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, दोन माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आख्खा अल्बम केला होता. तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच्या कितीतरी पट ट्रॅक बसतात.

फाइली समुद्रापार पाठवणं

सगळ्यांनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल हे ठरवून घ्या आणि कुणालाही सूट देऊ नका. एकाने ४४.१ वर रेकॉर्ड केलं आणि ते न बदलता ४८ वर वाजलं तर गाणं वेगाने पळतं आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो.

प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू झाली पाहिजे. गिटारचा सोलो तिसऱ्या मिनिटाला असला तरी आधीची तीन मिनिटं शांतता भरूनच फाइल काढायची. समोरच्याने ती उचलून सुरुवातीला चिकटवली की ती आपोआप जागेवर बसते. ‘साधारण २ मिनिटं ४८ सेकंदांना लाव’ असले निरोप चालत नाहीत. गाण्याच्या आधी तोंडाने मात्रा मोजून एक खणखणीत टाळी द्या. जुळणी तपासायला ती उपयोगी पडते.

फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा, कारण देवनागरी नावं झिपमधून जाताना काही संगणकांवर बिघडतात. नावात गाणं, वाद्य, कितवी आवृत्ती आणि तारीख एवढं असू द्या. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमात लागते. ‘फायनल’ हा शब्द नावात घालायला बंदी.

या गुणवत्तेची एका ट्रॅकची फाइल मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडी वर जाते. पाच मिनिटांच्या गाण्याचे बारा ट्रॅक म्हणजे सुमारे ५२० एमबी. गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीमध्ये एका गाण्याचं काम आरामात मावतं. फ्लॅक या प्रकारात आवाजाचा दर्जा न घटता आकार निम्म्याजवळ येतो, तालुक्याच्या आतल्या गावातून अपलोड करताना तो वापरा. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलेलं काही मिक्समध्ये घेऊ नका, ते दाबलं जातं. ते फक्त ‘ही कल्पना कशी वाटते’ एवढ्यासाठी. शिवाय एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर हवी. ढगावर ठेवलेलं चुकून कुणी पुसलं तर सगळ्यांकडचंच पुसलं जातं.

पलीकडच्यांनी काय करायचं

गिटार नेहमी दोन ट्रॅकवर घ्यायला सांगा: एक अँपमधून आलेला आवाज, दुसरा तारेतून थेट आलेला कोरडा. डिस्टॉर्शन जास्त झालं असेल तर कोरडा ट्रॅक नव्या अँपमधून पुन्हा काढता येतो, परत वाजवायला लावावं लागत नाही. गिटारमध्ये गुणगुण येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. ऑस्ट्रेलियातही वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, त्यामुळे घोंघावण्याचा सूरही तोच.

ड्रमरला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. खर्जाची जागा घुमटाची आहे. घुमटाची खोल थाप आणि ड्रमसेटचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकाच तळमजल्यावर राहायला आले की दोघांचाही आवाज चिखल होतो. ड्रमरने किक समेवर आणि निवडक जागीच द्यावी, मधलं काम हाय-हॅट आणि स्नेअरवर करावं. बेसने घुमटाच्या बोलांच्या मोकळ्या जागा शोधाव्यात. हे बंधन वाटतं, पण वेगळेपणा यातूनच येतो. किक कमी झाल्याबरोबर गाणं रॉकच्या ठरीव साच्यातून बाहेर पडतं.

प्रत्यक्ष एकत्र वाजवण्याची हौस भागवायला एक वाट आहे: निन्जॅम. हे सॉफ्टवेअर उशीर कमी करायच्या भानगडीत पडत नाही, उलट वाढवतं. समोरच्याने वाजवलेलं आवर्तन तुम्हाला पुढच्या आवर्तनात ऐकू येतं आणि तुमचं त्याला. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागच्या आवर्तनावर वाजवतो. कॉर्ड बदलत जाणाऱ्या गाण्याला हे विचित्र वाटतं, पण एका सुरावर आणि ठरलेल्या मात्रांवर फिरणाऱ्या आपल्या संगीताला चपखल बसतं. आवर्तन १६ मात्रांचं ठेवा, म्हणजे भजनीची दोन आवर्तनं. यातून पक्कं रेकॉर्डिंग निघत नाही, पण नव्या कल्पना भरपूर निघतात. जॅकट्रिप, जॅम्युलस ही उशीर कमी करणारी सॉफ्टवेअर मडगाव-पणजीत बसलेल्या दोघांसाठी वापरा, समुद्रापलीकडे नको.

बैठक आणि मिक्स

पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, वर्षभर तेवढंच. रविवारी दुपारी चार म्हणजे तिकडे साडेसहा, दोघांनाही सोयीचं. कुणी लिस्बनला असेल तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. टोरंटो साडेदहा किंवा साडेनऊ तास मागे. त्यांची घड्याळं मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यांत वेळ पुन्हा विचारून घ्या.

बैठकीत गाणं वाजवून दाखवू नका. व्हिडिओ कॉलवर आवाज चिरडला जातो आणि वाद चुकीच्या गोष्टीवर होतात. आदल्या दिवशी फाइल पाठवा, सगळ्यांनी आपापल्या हेडफोनवर ऐकून मिनिट-सेकंदासह लेखी मत द्यावं, आणि बैठकीत फक्त निर्णय घ्यावेत. मिक्स एकाच्याच हाती ठेवा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे मास्टर करताना आवाज फुगवण्यात काही हशील नाही. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवा आणि घुमटाची थाप मोकळी सोडा.

हक्क आणि पैसे

हा हिशेब गाणं प्रसिद्ध व्हायच्या आधी, कागदावर. शब्द कोणाचे, चाल कोणाची, मास्टर रेकॉर्डिंगमध्ये कोणाचा किती वाटा, सगळ्यांच्या सह्या. घुमटवादकाला बिदागी देऊन मोकळं करायची पद्धत मला अजिबात पटत नाही. गाण्याची लय त्याच्या हातून आली असेल तर मास्टरमध्ये त्याचा वाटा गिटारवाल्याइतकाच हवा. गावच्या पथकाची खास रचना घेतली असेल तर पथकातल्या जाणत्यांना विचारून, श्रेय देऊनच घ्या.

सोहिरोबानाथ आंबियांची पदं किंवा तुकोबांचे अभंग कुणाच्या परवानगीशिवाय गाता येतात. पण बा. भ. बोरकरांची कविता नाही. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतात, बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागते. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यावं. गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८ बेन हा करासाठीचा फॉर्म भरावा लागतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. म्हणून सुरुवातीला एकदम दहा गाण्यांपेक्षा एकेक गाणं काढणं बरं.

एकत्र येता तेव्हा

परदेशातली माणसं चवथीला (गणेश चतुर्थीला) किंवा डिसेंबरात घरी येतात, प्रत्यक्ष कार्यक्रम त्याच सुमाराला लावा. चवथीला घुमटवाल्यांना आरत्यांतून उसंत नसते, त्यामुळे डिसेंबर अधिक सोयीचा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, म्हणून सातला सुरू करा. तालमीत पहिल्यांदा क्लिक पूर्ण बंद ठेवा. इतके महिने जी लय हेडफोनमधून येत होती ती आता समोर बसलेली आहे, ड्रमरने थेट घुमटवाल्याच्या हाताकडे बघून वाजवायला शिकायला हवं.

पर्थचा मित्र परत जाताना घुमट मागेल. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं आहे, पण जुनं घुमट त्याच्या सामानात देऊ नका. जुन्या घुमटांवर घोरपडीचं चामडं असतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे. बकरीच्या चामड्याचं नवं घुमट घ्या, विक्रेत्याकडून चामड्याच्या उल्लेखासह पावती घ्या. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर प्राण्याच्या चामड्याची कोणतीही वस्तू जाहीर करावीच लागते, आणि तपासणीत ती अडूही शकते. मडकं कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवावं, आत मोजे-टॉवेल भरून. चेक-इनला दिलं तर पोचेल ते खापर.